फ्रुटाच्या बागा

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या राष्ट्रीय उद्यानांत शिरताना प्रवाशाला सगळ्यात आधी कळतं ते काय करायचं नाही हे. दगड उचलायचा नाही, फूल तोडायचं नाही, आखलेली वाट सोडायची नाही. झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, कॅन्यनलँड्स या चारही ठिकाणी हाच नियम, आणि तो योग्यच आहे. वर्षाला लाखो माणसं जिथून जातात तिथं प्रत्येकानं एकेक खडा खिशात टाकला तर मागं काय उरेल? पाचवं उद्यान कॅपिटल रीफ. तिथल्या कड्यांवर आणि घळींतही हेच लागू आहे. पण त्या उद्यानात फ्रेमाँट नदीच्या काठी फ्रुटा नावाचं एक लहानसं खोरं आहे, आणि तिथं हंगामात उद्यानच झाडांना शिड्या लावून ठेवतं. फळं पिकली आहेत, आत या आणि तोडा, असं पाटी सांगते. बागेत उभं राहून खाल तेवढं फुकट, घरी न्यायचं तर वजन करून पैसे भरायचे. या बागांच्या कुशीतच तंबू ठोकायची जागा आहे. चहूकडं लाल उघडे कडे आणि मधे सफरचंदाच्या ओळी, हे दृश्य इतकं अनपेक्षित असतं की इथं मुक्काम करणाऱ्याला प्रश्न पडतोच: निसर्ग जपण्यासाठी राखलेल्या उद्यानात माणसानं लावलेल्या आणि माणसानंच पाणी पाजलेल्या बागा कशासाठी? माझं उत्तर असं की कॅपिटल रीफमध्ये जे जपण्यासारखं आहे त्यात या बागांचा मान कड्यांच्या बरोबरीचा आहे. उद्यानानं त्या नाइलाजानं सांभाळलेल्या नाहीत, आणि तशा सांभाळूही नयेत. हे मत सगळ्यांना पटणारं नाही. त्यावरचे आक्षेप वजनदार आहेत, म्हणून ते सविस्तर पाहिले पाहिजेत.

आधी जागेची ओळख. वॉटरपॉकेट फोल्ड ही जमिनीला पडलेली सुमारे १६० किलोमीटर लांबीची मुरड हा कॅपिटल रीफचा कणा. कधीकाळी आडवे असलेले खडकाचे थर इथं एका अंगानं उचलले गेले, वाकले, आणि मग वाऱ्यापाण्यानं त्यांना कोरून काढलं. फ्रुटाच्या खोऱ्यातून वर पाहिलं की तळाशी मोएनकोपी थराची काळपट तांबडी, पापुद्र्यापापुद्र्यांची उतरण दिसते. तिच्यावर विंगेट वालुकाश्माचा सरळसोट लाल कडा, आणि पूर्वेकडं सरकलं की नवाहो वालुकाश्माचे पांढुरके घुमट. पाऊस वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडं दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माण तालुक्यातही सरासरी याच्या साधारण दुप्पट आहे. उंची १,६५० मीटरच्या घरात, त्यामुळं जुलैच्या दुपारी दगड तापून निघतो आणि जानेवारीत त्याच दगडावर बर्फ साचतो. अशा मुलखात सल्फर क्रीक नावाचा ओढा फ्रेमाँट नदीला मिळतो, त्या बेचक्यात गाळानं भरलेली थोडी सपाट जमीन आहे. हिरवं जे काही आहे ते तिथंच. कॅम्पग्राउंडमध्ये ७१ जागा आहेत. प्रत्येक जागेला एक टेबल आणि शेकोटीचं कोंडाळं. तंबूच्या जागेपर्यंत वीज नाही, अंघोळीची सोय नाही. गवतात हरणं निर्धास्त चरत असतात. मोठ्या कानांची ती म्यूल डिअर जातीची हरणं खाली पडलेली फळं खायला संध्याकाळी बागेत येतात, आणि त्यांना हातानं काही भरवू नये असं उद्यान बजावून सांगतं.

इथला हंगाम लांबलचक आहे. मार्चमध्ये जर्दाळू फुलतो, त्यामागोमाग पीच, चेरी, नासपती, आणि एप्रिल-मेमध्ये सफरचंद. जूनच्या मध्यापासून चेरी तोडायला येते, महिन्याअखेर जर्दाळू, ऑगस्टात पीच आणि नासपती, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सफरचंदं. शिवाय आलुबुखार आहे, तुती आहे, अक्रोड आणि बदामाचीही थोडी झाडं आहेत. सगळी मिळून झाडं दोन हजारांच्या आसपास. कोणती बाग कोणत्या दिवशी उघडायची हे फळाच्या पिकण्यावर ठरतं, आणि उघडलेल्या बागेपाशीच पाटी लागते. लांब दांड्याच्या टोकाला टोपली बसवलेली साधनं शिडीशेजारी उभी करून ठेवलेली असतात. कोकणात आंबे उतरवायला झेला वापरतात, त्याच धाटणीची. फळ टोपलीत घेऊन हलकेच पीळ दिला की देठासकट सुटतं. ओढलं तर फांदीवरचा पुढच्या वर्षीचा डोळा मोडतो. बागेच्या तोंडाशी एक तराजू, पिशव्या आणि पैसे टाकायची पेटी. तिथं कुणी बसलेलं नसतं. आपणच वजन करायचं, हिशेब करायचा, पैसे पेटीत टाकायचे. झाडावर चढायला मात्र मनाई आहे, कारण जुन्या फांद्या माणसाचं वजन पेलत नाहीत आणि मोडलेली फांदी भरून यायला वर्षं लागतात. हे सगळे नियम ज्याला झाड कसं वाढतं हे कळतं त्यानं केलेले आहेत, हे ओळखायला वेळ लागत नाही.

या बागा आल्या कुठून? १८८०च्या सुमारास नेल्स जॉन्सन नावाचा एक वसाहतवाला इथं राहायला आला आणि त्यानं पहिली फळझाडं लावली, असं मानलं जातं. त्याच्यामागून मॉर्मन पंथातली आणखी काही घरं आली. एका वेळी फार तर दहा. दोन प्रवाह एकत्र येतात म्हणून वस्तीला आधी ‘जंक्शन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी फळांवरून फ्रुटा हे नाव पडलं. शेजारच्या लोआ आणि टॉरी या गावांची उंची दोन हजार मीटरांच्या पुढं, तिथं थंडीनं फळ धरत नसे. फ्रुटाची माणसं गाड्या भरून फळं वर नेत आणि बदल्यात धान्य आणत. रोकड पैसा या खोऱ्यानं फारसा पाहिलाच नाही. १८९६ मध्ये एका खोलीची लाकडी शाळा बांधली. तीच सभेची जागा, तीच प्रार्थनेची, तीच नाचगाण्याची. मुलं कमी झाल्यावर १९४१ मध्ये ती बंद झाली. वीज आली १९४८ मध्ये. एवढ्याशा वस्तीनं या जमिनीत जे सगळ्यात मोठं बांधकाम केलं ते घराचं नव्हतं, पाटाचं होतं. नदी-ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला अडवायचं, उताराच्या अंदाजानं पाट खणायचा, आणि गुरुत्वाच्या बळावर पाणी बागेपर्यंत आणून मोकाट सोडायचं. आजही याच पाटांवर बागा भिजतात. पाटाचं दार उघडलं की पाणी ओळींमधून पसरत जातं, पुढं पालापाचोळा ढकलत, आणि जिथं उंचवटा आहे तिथं अडतं. मग फावड्यानं माती ओढून वाट करून द्यावी लागते. दारं धरणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. धुळे-नाशिककडं पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीत काही शतकं हेच चाललं: नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाणी वाटायला नेमलेला पाटकरी.

हा पाट टिकवणं किती अवघड होतं याचा पुरावा फ्रुटाच्या खालच्या अंगाला आहे. त्याच फ्रेमाँट नदीवर पूर्वेकडं केनव्हिल, जाइल्स अशी गावं वसली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या पुरांनी बंधारे वाहून नेले, शेतं खरवडली, नदीचं पात्र रुंद आणि खोल केलं, इतकं की पाणी शेतापर्यंत चढवणं अशक्य झालं. जाइल्स ओस पडलं, केनव्हिल कसंबसं उरलं. वरच्या डोंगरांत गुरं-मेंढ्यांनी चरून उघडी पडलेली जमीन हेही त्या पुरांमागचं एक कारण होतं. म्हणजे वाळवंटातल्या नदीकाठी माणूस पाट खणतो तेव्हा तो टिकेल याची कसलीही हमी नसते. एकाच नदीवरचं एक गाव बुडालं आणि दुसऱ्याच्या बागा दीडशे वर्षांच्या जवळ पोचल्या, यातला फरक समजून घेतल्याशिवाय हा मुलूख समजत नाही. मला वाटतं, नुसते कडे पाहून परतणारा प्रवासी वाळवंटाची भव्यता पाहतो, पण त्याची कठोरता त्याला कळत नाही. ती कळते सफरचंदाच्या एका ओळीशेजारी उभं राहिल्यावर. पाट जिथं संपतो तिथून हातभर पलीकडं भेगाळलेली तांबडी माती आणि खुरटी झुडपं सुरू होतात. अलीकडं फळांनी वाकलेली फांदी. मधे काहीच नाही.

आता पहिला आक्षेप. राष्ट्रीय उद्यान म्हणजे निसर्गाला त्याच्या कलानं राहू द्यायची जागा. सफरचंद मध्य आशियातलं, पीच चीनचं, जर्दाळू आशियातलाच. या झाडांचं युटाच्या वाळवंटात काय काम? पाणी बंद करा, झाडं वाळू द्या, नदीकाठच्या मूळच्या कॉटनवुडला आणि वाळुंजाला जागा मोकळी करून द्या. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो ज्या ‘अस्पर्श निसर्गा’च्या कल्पनेवर उभा आहे ती या खोऱ्याच्या बाबतीत खरी नाही. इथून जवळच, आता मोठा रस्ता जातो त्याच्या कडेला, खडकाच्या भिंतीवर माणसांच्या आकृती कोरलेल्या आहेत: रुंद खांदे, निमुळती होत गेलेली धडं, डोक्यावर शिरपेचासारखं काही, शेजारी शिंगांची मेंढरं. ज्यांनी त्या कोरल्या त्या लोकांना आज फ्रेमाँट संस्कृती म्हणतात. नोएल मॉर्स या संशोधकानं १९३१ मध्ये याच नदीवरून ते नाव दिलं. इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत ते या भागात होते आणि नदीकाठी मका, घेवडा, भोपळा पिकवत होते. म्हणजे या मातीत पीक घेण्याची सुरुवात जॉन्सननं केली नाही. आणि त्या शिलाचित्रांतली मेंढरं? डेझर्ट बिगहॉर्न इथून नाहीशी झाली होती, पाळीव मेंढ्यांकडून आलेले रोग हे त्याचं एक मोठं कारण. आज कड्यांवर जी दिसतात ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कॅन्यनलँड्समधून पकडून आणून सोडलेल्या कळपांची वंशावळ आहे. त्यांना कुणी उपरं म्हणत नाही, कारण माणसानं मोडलेलं माणसानं दुरुस्त केलं हे सगळ्यांना मान्य आहे. खोऱ्यातून जाणारा हमरस्ताही नदीच्या घळीतून १९६२ मध्ये काढला. रस्ता चालतो, पर्यटक केंद्र चालतं, पण झाडाला पाणी दिलं की निसर्ग बिघडतो, हा हिशेब मला समजत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ च्या ज्या कायद्यानं स्थापन झाली त्यात निसर्गदृश्यं आणि वन्यजीव यांच्याबरोबर ऐतिहासिक वास्तू-वस्तूही पुढच्या पिढ्यांसाठी जपायला सांगितल्या आहेत. फ्रुटाचा परिसर १९९७ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ग्रामीण ऐतिहासिक क्षेत्र म्हणून दाखल झाला, तो बागा, पाट, शाळा, गिफर्ड कुटुंबाचं घर आणि कोठार या सगळ्यांसकट. तेव्हा बागा राखणं ही उद्यानाच्या मूळ कामातून काढलेली पळवाट ठरत नाही.

यावर अधिक बारकाईनं पाहणारा माणूस म्हणेल, ठीक, पण ऐतिहासिक काय आहे? पीचचं झाड वीसेक वर्षांत थकतं. सफरचंदाचं जास्त जगतं, तरी १८८० चं झाड आज कुठून असणार? आज उभी असलेली बहुतेक झाडं उद्यानाच्या माळ्यांनी नंतर लावलेली आहेत. मग जुन्या बागेच्या नावाखाली आपण नवी बाग पाहतो, आणि स्वतःची फसवणूक करून घेतो. हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर शोधताना फळबाग म्हणजे काय हे नीट उलगडतं. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं फळ येत नाही. जोनाथन, बेन डेव्हिस, रेड अस्ट्रकान या जाती बियांतून पुढं जातच नाहीत. जुन्या झाडाची काडी कापायची, दुसऱ्या खुंटावर बांधायची, जखम जुळेपर्यंत सांभाळायची, असं करत त्या एका झाडातून दुसऱ्यात गेलेल्या आहेत. एका अर्थानं जगातलं प्रत्येक जोनाथन हे एकाच झाडाचं लांबलेलं अंग आहे. माणसानं कलम करणं थांबवलं तर एका झाडाच्या आयुष्यात जात संपते. त्यामुळं फळबागेचं जुनेपण खोडाच्या वयात शोधायला गेलं तर सापडायचं नाही. ते असतं काडीत, ओळींच्या आखणीत, पाटाच्या वळणात, आणि दर हिवाळ्याअखेर छाटणी करणाऱ्या हातांच्या शिकण्यात. घर कुलूप लावून पन्नास वर्षं ठेवता येतं, छप्पर गळलं नाही तर ते तसंच राहतं. बाग दोन उन्हाळे तशी ठेवता येत नाही. तिचं जतन आणि तिची मशागत ही एकच गोष्ट आहे. म्हणून फ्रुटात मला जे ऐतिहासिक दिसतं ते एक काम आहे, सलग चालत आलेलं, आणि त्याचा शेवटचा भाग म्हणून प्रवाशाला फळ तोडू देणं अगदी सुसंगत आहे. न तोडलेलं फळ झाडाखाली सडतं, किडीला घर होतं, आणि पुढच्या वर्षीचा हंगाम बिघडवतं.

तिसऱ्या आक्षेपासमोर मात्र मी इतक्या सहजपणे उभा राहू शकत नाही. ज्यांनी या बागा लावल्या ते लोक कुठे आहेत? फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २ ऑगस्ट १९३७ रोजी कॅपिटल रीफला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. पुढच्या दशकांत सरकारनं एकेक करत फ्रुटातल्या जमिनी विकत घेतल्या. गिफर्ड कुटुंब १९२८ पासून इथं होतं. त्यांनी १९६९ मध्ये घर विकलं आणि खोरं सोडलं. डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथं वस्ती अशी उरलीच नव्हती. बरीचशी घरं पाडण्यात आली. झाडं ठेवली, माणसं गेली, आणि आता लांबून आलेले लोक त्या झाडांखाली तंबू ठोकतात. त्याच्याही मागं जा: मॉर्मन गाड्या येण्यापूर्वी हा यूट आणि पायूट लोकांचा वावराचा मुलूख होता, आणि वसाहतींनी त्यांना बाजूला सारलं. एका विस्थापनावर दुसरं उभं आहे. मराठी वाचकाला हे परकं नाही. मेळघाट, ताडोबा या ठिकाणी वाघांसाठी गावं उठवली गेली, तिथं पुनर्वसन नीट झालं की नाही यावरचे वाद आजही संपलेले नाहीत.

तरीही यातून ‘म्हणून बागा काढून टाका’ हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. घरं पाडली ही चूक होती असं मी मानतो, आणि त्या चुकीनंतर तिथं माणसं राहत होती याची सगळ्यात ठळक खूण म्हणजे या बागा. त्या वाळू दिल्या असत्या तर खोरं वीस-पंचवीस वर्षांत असं दिसलं असतं की जणू इथं कधी कुणी नव्हतंच, आणि मग प्रवाशाला ‘अस्पर्श निसर्ग’ दाखवणं किती सोपं झालं असतं! बाग त्या खोट्याला आडवी येते. सरळ रेषेत लावलेलं झाड कुणीतरी लावलेलं असतं. मात्र इथं एक मागणी करायला हवी. शाळा आणि गिफर्ड घर यांतून वसाहतवाल्यांची गोष्ट भरपूर सांगितली जाते. शिलाचित्रांपाशी फ्रेमाँट लोकांची थोडी. पण हे दोन्ही एकाच पाण्याचे शेतकरी होते, त्यांच्यामधल्या आणि नंतरच्या काळात इथं फिरणारे, शिकार करणारे लोक होते, आणि त्यांचे वंशज आजही आहेत, ही सलग गोष्ट बागेच्या कडेलाच सांगितली गेली पाहिजे. मक्याचं एखादं शेत तिथं का असू नये?

राहिला पाण्याचा प्रश्न. फ्रेमाँट नदी पुढं डर्टी डेव्हिल होऊन कोलोरॅडो नदीला मिळते. कोलोरॅडोचं पाणी १९२२ च्या करारानं वरच्या आणि खालच्या खोऱ्यांत वाटलं गेलं तेव्हा नदीत प्रत्यक्षात येतं त्याहून जास्त पाणी गृहीत धरलं होतं, आणि त्या चुकीचे परिणाम आज साऱ्या पश्चिमेला भोगावे लागत आहेत. अशा खोऱ्यात, एका उद्यानानं, मोकाट पद्धतीनं, पर्यटकांच्या हौसेसाठी सफरचंदं भिजवावीत? ठिबक तरी का नाही? या आक्षेपातलं तथ्य मी नाकारत नाही. पण प्रमाण पाहावं लागतं. युटात शेतीच्या पाण्याचा मोठा वाटा लसूणघासासारख्या चाऱ्याच्या पिकांना जातो. दोन हजार झाडांची तहान त्यापुढं नगण्य आहे. दुसरं असं की मोकाट सोडलेलं सगळं पाणी वाया जात नाही. पाटातून झिरपणाऱ्या ओलीवर कडेची मोठी कॉटनवुड झाडं जगतात, त्यांच्या सावलीत आणि ढोल्यांत पक्षी राहतात, आणि उरलेलं जमिनीतून नदीकडंच परततं. नळ्या टाकल्या तर पाणी वाचेल, पण पाट कोरडे पडतील आणि त्यांच्या काठचं जग आटेल. हे मान्य करूनही मी म्हणेन की दुष्काळी वर्षात उद्यानानं काही ओळींचं पाणी तोडायची तयारी ठेवावी. फ्रुटाच्या शेतकऱ्यांनीही कमी पाण्याच्या वर्षी सगळं भिजवलं नसणार.

तंबूत राहणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण बागेवरचा ताण तेही वाढवतात. मार्च ते ऑक्टोबर इथल्या जागा आगाऊ राखून ठेवाव्या लागतात आणि झटपट भरतात. शेकोटीसाठी इथलं लाकूड गोळा करायला मनाई आहे, रात्री दहानंतर शांतता पाळायची आहे. २०१५ पासून हे उद्यान आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यताप्राप्त आहे, त्यामुळं तंबूभोवती झगमगते दिवे लावणं हा शेजाऱ्यावर अन्याय ठरतो. कुणी म्हणेल की फुकट फळांचं आमिष दाखवून उद्यान गर्दी ओढतं. मला उलटंच दिसतं: जिथं प्रवाशाला फक्त पाहायचं असतं तिथं तो छायाचित्र काढून पुढं सरकतो, आणि जिथं त्याला फांदी न मोडता फळ काढायचं असतं तिथं तो थांबतो, वर पाहतो, कोणतं पिकलं आहे हे शोधतो. पैशाच्या पेटीपाशी पहारेकरी न ठेवता इतकी वर्षं हा व्यवहार चालतो, ही गोष्ट मोलाची आहे. बाग कुणाची तरी आहे आणि आपण तिथं थोड्या वेळाचे पाहुणे आहोत, ही जाणीव कड्याकडे पाहून येत नाही. कड्याला आपली काही गरज नसते.

या बागांसमोर आज खरं संकट आक्षेपांचं नाही, हवामानाचं आहे. हिवाळ्याअखेरची ऊब लवकर येऊ लागली आहे, त्यामुळं झाडं आधी फुलतात, आणि मग एप्रिलात एखाद्या रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरला की सगळा फुलोरा काळा पडतो. जर्दाळू सगळ्यात आधी फुलतो म्हणून तो सगळ्यात आधी मार खातो. काही वर्षी बहुतेक हंगाम असाच गेला आहे आणि तोडायला फळच उरलेलं नाही. उद्यानानं थकलेल्या बागा टप्प्याटप्प्यानं काढून, माती सुधारून, पुन्हा लावायचं काम हाती घेतलं आहे. तिथं एक वाद अटळ आहे: जुन्याच जाती लावायच्या की उशिरा फुलणाऱ्या, थंडीला टिकणाऱ्या नव्या? इतिहासाचा काटेकोर आग्रह धरणारे जुन्यांच्या बाजूनं असतील. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा नाही. फ्रुटाच्या कुटुंबांनी जे विकलं जाईल आणि जे टिकेल ते लावलं. त्यांची बाग त्यांच्या पोटासाठी होती आणि ती दर पिढीला बदलत गेली. जोनाथन, बेन डेव्हिस, फ्लेमिश ब्यूटी नासपती, पोटावाटोमी आलुबुखार या जातींची कलमं पुढं चालत राहतील इतकी झाडं नक्की राखावीत, आणि बाकीच्या ओळींत उशिरा फुलणाऱ्या जाती लावाव्यात. यासाठी कलमं करता येणारी, छाटणी जाणणारी माणसं बारमाही नेमावी लागतील, हंगामी नोकरांवर हे काम निभणार नाही. फळांच्या पेटीत पडणारा पैसा बागांच्या देखभालीला लागतो, पण तो कमी पडणार हे उघड आहे, आणि ज्या वर्षी दहिवर पडतं त्या वर्षी पेटी रिकामीच राहते. तंबूच्या रात्रीच्या भाड्यात थोडी वाढ करून ती रक्कम थेट पाट आणि कलमांवर खर्च करावी, असं मला वाटतं. बागेत राहायला मिळतं म्हणूनच लोक या ७१ जागांसाठी महिने आधी नोंदणी करतात. ते ही वाढ आनंदानं देतील.